फोन साफ केला तरी ‘स्टोरेज फुल’ परत येतं, त्याचं काय करायचं

चतुर्थी जवळ आली की मालवण-तारकर्लीच्या पट्ट्यात घरोघर एकच तक्रार ऐकू येते: ‘मोबाईलात कायच नाय, तरी फुल दाखवता.’ मुंबईहून आलेला भाचा ओटीवर बसून फटाफट फोटो उडवतो, फोन जरा पळायला लागतो, भाचा तुतारी एक्सप्रेस पकडून परत जातो आणि पंधरवड्यात तोच संदेश पुन्हा हजर. बहुतेक वेळा भाच्याने काम केलेलं असतं, पण जी जागा भरलेली असते ती सोडून दुसरीच रिकामी केलेली असते.

म्हणून काहीही उडवण्याआधी संदेश पूर्ण वाचा. ‘फुल’ एवढा एकच शब्द बघून बोट चालवू नका. फोनची स्वतःची जागा संपली असेल तर कॅमेरा फोटो घेत नाही, प्ले स्टोअरवरून अपडेट होत नाही, पैसे पाठवायचं अॅप जुनं पडून अडून बसतं. गूगल खात्याची जागा संपली असेल तर कॅमेरा मजेत चालतो, पण जीमेलवर लाल पट्टी येते, गूगल फोटोचा बॅकअप (खात्यात जाणारी जपणुकीची प्रत) थांबतो आणि व्हॉट्सअॅप रोज सकाळी बॅकअप पूर्ण झाला नाही म्हणून कुरकुरतं. फोन म्हणजे घरातलं कपाट आणि गूगल खातं म्हणजे मुंबईत भावाच्या खोलीत ठेवलेली ट्रंक, असं धरा. कपाट झाडलं म्हणून ट्रंक हलकी होत नाही.

बघायचं कुठे? फोनसाठी सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’. तिथे अॅप, फोटो, व्हिडिओ, सिस्टिम असा हिशेब दिसतो. गूगलसाठी जीमेल किंवा गूगल फोटो उघडा, वर उजवीकडच्या गोल चित्रावर टेकवा, १५ जीबीपैकी किती वापरलं ते समोर येतं. हे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहेत, प्रत्येकाला वेगळे नाहीत. फोन मराठीत ठेवला असेल तर पुढे लिहिलेली नावं थोडी वेगळी दिसतील, पण क्रम तोच.

फोनच भरत असेल तर

आमच्या भागात दहातल्या आठ फोनांत दोषी एकच, व्हॉट्सअॅप. गंमत अशी की घरात फायबरचं कनेक्शन आल्यापासून फोन जास्त लवकर भरायला लागले. याचं कारण व्हॉट्सअॅपच्या मूळ सेटिंगमध्ये आहे: मोबाइल डेटावर असताना ते फक्त फोटो आपोआप उतरवतं, वाय-फाय मिळालं की फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, फायली सगळंच उतरवतं. रोजच्या दीड जीबीत भागवत होतो तेव्हा कंजूषपणा आपोआप होत होता. आता पोफळीच्या बागेच्या पलीकडेही वाय-फाय पोचतं आणि वाडीच्या ग्रुपवर कोणी डबलबारीचा (दोन भजनी बुवांच्या जुगलबंदीचा) अख्खा सामना टाकला की तो तुम्ही न बघताच तुमच्या फोनात येऊन बसतो. जत्रांच्या हंगामात दशावताराचे व्हिडिओ, बाकी वर्षभर गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ.

तेव्हा आधी नळ बंद करा, मग पाणी उपसा. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, त्यात ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’. वाय-फायच्या ओळीत जाऊन व्हिडिओ आणि डॉक्युमेंटवरची खूण काढा. फोटोंवरचीही काढली तरी काही बिघडत नाही, हवा तो फोटो टेकवून उतरवता येतो. साफसफाई करून देणारे बहुतेक जण ही एक पायरी विसरतात आणि म्हणूनच पंधरवड्यात ये रे माझ्या मागल्या.

व्हॉट्सअॅपच्याच सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’खाली एक फसवं बटण आहे, ‘मीडिया व्हिजिबिलिटी’. ते बंद केलं की व्हॉट्सअॅपचे नवे फोटो गॅलरीत दिसत नाहीत. लोकांना वाटतं जागा वाचली. फाइल फोनातच असते, फक्त नजरेआड होते.

नळ बंद झाला की त्याच ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. वर ‘अनेकदा फॉरवर्ड झालेले’ आणि ‘५ एमबीपेक्षा मोठे’ असे दोन गठ्ठे मिळतात. पहिला गठ्ठा डोळे मिटून उडवला तरी सहसा कोणाचं वाईट होत नाही. दुसऱ्यात मात्र बघून जा, कारण त्यात नातीच्या बारशाचा व्हिडिओ आणि सातबाऱ्याचं स्कॅन शेजारी शेजारी असतात. खाली चॅटनुसार यादी येते, सगळ्यात जड ग्रुप सगळ्यात वर. ग्रुप सोडायची गरज नाही (वाडीचा ग्रुप सोडला तर पुढचं वर्षभर कारणं देत बसावं लागतं), त्याचा मीडिया तेवढा काढा.

होमस्टे चालवणारे आणि स्कूबाच्या धंद्यातले यांचं दुखणं थोडं वेगळं. पाहुण्यांचे पाण्याखालचे व्हिडिओ कॅमेऱ्यातून फोनात घ्यायचे आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायचे, हे काम हंगामात रोजचं. साध्या फुल एचडीत एका मिनिटाचा व्हिडिओ शंभर-सव्वाशे एमबी खातो, म्हणजे आठ-दहा मिनिटांचं एक डायव्हिंग म्हणजे एक जीबी. मूळ व्हिडिओ गॅलरीत राहतो आणि पाठवलेली दुसरी प्रत व्हॉट्सअॅपच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये बसते. व्हिडिओ म्हणून पाठवलात तर ती प्रत आकसलेली असते, डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर मूळ आकाराची. पाहुणा आपल्या गावी पोचून व्हिडिओ स्टेटसला लावून मोकळा होतो, इकडे दोन्ही प्रती तुमच्या माथी. फाइल मॅनेजर उघडून अंतर्गत स्टोरेजमध्ये ‘अँड्रॉइड’, मग ‘मीडिया’, त्यात व्हॉट्सअॅपचा फोल्डर, पुन्हा ‘मीडिया’ आणि व्हिडिओंच्या फोल्डरात ‘सेंट’ शोधा. बिझनेस व्हॉट्सअॅप वापरत असाल तर त्याचा फोल्डर वेगळा, तोही बघा. हे खोदकाम नको असेल तर व्हिडिओ गूगल ड्राइव्हवर चढवून दुवा पाठवायचा पर्याय आहे, पण मग ट्रंक भरते. माझ्या मते धंद्यासाठी ओटीजी, म्हणजे थेट फोनला लागणारा, पेनड्राइव्ह सगळ्यात सरळ: संध्याकाळी सगळं त्यावर, पाहुण्याने पोचपावती दिली की फोनातलं रिकामं. पेनड्राइव्ह झाकणाच्या डबीत ठेवा, आमच्या खाऱ्या हवेत धातूची टोकं टिकत नाहीत.

टेलिग्राम वापरणाऱ्यांनी त्याच्याही सेटिंग्जमध्ये ‘डेटा अँड स्टोरेज’ बघावं. तिथे पाहिलेला प्रत्येक चित्रपट फोनात साठून राहतो. कॅश (फोनात साठलेल्या या तात्पुरत्या प्रती) पुसली तरी चॅट जात नाही, मूळ फाइल त्यांच्या सर्व्हरवर असते आणि लागली की पुन्हा उतरते. व्हॉट्सअॅपचं असं नाही. तिथे मीडिया उडवला की तुमच्याकडून गेला, आणि समोरच्याने पुन्हा पाठवला तरच परत.

उडवलं, तरी आकडा तोच

हा प्रश्न इतक्यांदा येतो की वेगळा लिहितो. गॅलरीतून, फाइल मॅनेजरमधून किंवा गूगल फोटोतून काढलेली वस्तू लगेच जात नाही, कचरापेटीत जाते आणि तिथे जागा अडवून बसते. गूगल फोटोची पेटी बॅकअप झालेल्या वस्तू ६० दिवस ठेवते, न झालेल्या ३० दिवस. जीमेल आणि ड्राइव्हच्या पेट्याही ३० दिवसांनी आपोआप रिकाम्या होतात. फोन कंपनीच्या गॅलरीची पेटी वेगळी आणि फाइल मॅनेजरची आणखी वेगळी. घाई असेल तर प्रत्येक ठिकाणी जाऊन ‘एम्प्टी’ दाबा. घाई नसेल तर राहू दे, घरातल्या कोणाला तरी चार दिवसांनी ‘तो फोटो कुठे गेला’ हे आठवतंच.

गूगल खातं भरलं असेल तर

इथे थोडा इतिहास कामाचा आहे, कारण त्यावरूनच कुठे हात घालायचा ते ठरतं. जीमेल २००४ साली १ एप्रिलला आलं तेव्हा १ जीबी फुकट म्हणजे थट्टाच वाटली होती लोकांना. गूगल फोटो २०१५ मध्ये आलं आणि ‘हाय क्वालिटी’त ठेवाल तर कितीही फोटो फुकट, असा मामला सहा वर्षं चालला. १ जून २०२१ पासून ते बंद झालं, तेव्हापासूनचा प्रत्येक फोटो १५ जीबीत मोजला जातो. मात्र त्या तारखेआधी हाय क्वालिटीत चढवलेले फोटो आजही मोजले जात नाहीत.

याचा सरळ अर्थ असा की जागा करायला म्हणून २०१८ च्या गणपतीचे फोटो उडवत बसलात तर आठवणी जातील आणि आकडा तसूभरही हलणार नाही. (मूळ आकारात, म्हणजे ‘ओरिजिनल’मध्ये चढवलेले असतील तर गोष्ट वेगळी.) हात घालायचा तो जून २०२१ नंतरच्या व्हिडिओंत. गूगल फोटोत खात्याच्या चित्रावर टेकवून स्टोरेजच्या ओळीत गेलात की मोठे फोटो-व्हिडिओ, धूसर फोटो आणि स्क्रीनशॉट असे वेगळे गठ्ठे मिळतात. स्क्रीनशॉटमध्ये पैसे पाठवल्याच्या पावत्यांचा डोंगर असतो, तो बिनधास्त साफ करा. पुढच्या काळासाठी बॅकअपचा दर्जा ‘स्टोरेज सेव्हर’वर ठेवा. त्यात फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ फुल एचडीपर्यंत आकसतात. मोबाइलच्या पडद्यावर फरक कळत नाही, बॅनर छापायचा असेल तर कळेल.

दुसरा मोठा बदल व्हॉट्सअॅपच्या बॅकअपचा. अँड्रॉइडवरचा तो बॅकअप कित्येक वर्षं गूगलच्या १५ जीबीत धरला जात नव्हता. २०२३ च्या डिसेंबरपासून हळूहळू आणि २०२४ मध्ये सगळ्यांसाठी तो मोजला जायला लागला. ‘आधी कधी भरलं नव्हतं, मी काही नवीन केलं नाही’ असं म्हणणारे खरंच बोलत असतात. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’, त्यात ‘चॅट बॅकअप’ उघडा, बॅकअपचा आकार लिहिलेला दिसेल. ‘इन्क्लूड व्हिडिओज’ बंद करा आणि एकदा हाताने बॅकअप घ्या, आकडा बहुतेकांचा धाडकन खाली येतो. रोजच्या ऐवजी आठवड्याचा बॅकअप घरगुती वापराला पुरतो. ज्यांच्या बुकिंगचं बोलणं व्हॉट्सअॅपवर चालतं त्यांनी रोजचाच ठेवावा. आयफोनवाल्यांचा हाच बॅकअप आयक्लाउडवर जातो आणि तिथे फुकटची जागा ५ जीबीच आहे, त्यांची तक्रार आणखी लवकर सुरू होते.

जीमेलमधलं ओझं शोधायची युक्ती जुनी पण अजून चालते. वरच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘लार्जर’ लिहा, त्याला चिकटून विसर्गासारखी दोन टिंबं, त्याला चिकटून १० आणि एम. आकडाही इंग्रजीतलाच, मध्ये जागा सोडायची नाही. दहा एमबीपेक्षा मोठे सगळे मेल समोर येतात. लग्नाच्या अल्बमचे पीडीएफ, टुरिस्ट एजंटांची रंगीत पत्रकं, असलं काहीबाही निघतं.

याला आळस करू नका, विशेषतः होमस्टेवाल्यांनी. खातं पूर्ण भरलं की जीमेल पाठवणं आणि येणं दोन्ही थांबतं. दिवाळीच्या आगाऊ बुकिंगचा मेल ज्याने पाठवला त्याच्याकडे तो परत जातो आणि तुम्हाला काही कळत नाही. दोन वर्षं मर्यादेच्या वर राहिलं तर आतला मजकूर पुसायचा अधिकारही गूगलने आपल्या नियमांत ठेवलेला आहे.

‘फ्री अप स्पेस’ दाबलं तर काय होतं

हे बटण गूगल फोटोत आहे आणि चांगलं आहे: ज्या फोटोंचा बॅकअप झालाय त्यांची फोनातली प्रत काढतं, खात्यातली ठेवतं. म्हणजे कपाट रिकामं, ट्रंक तशीच. याच्या उलट, गूगल फोटोत एखादा फोटो निवडून नुसतं ‘डिलीट’ केलंत तर तो फोनातून आणि खात्यातून दोन्हीकडून जातो. फोटो गमावल्याच्या बऱ्याचशा रडकथा इथेच सुरू होतात. फक्त फोनातून काढायचा तर ‘डिलीट फ्रॉम डिव्हाइस’ हा वेगळा पर्याय शोधा.

पण कित्येकांच्या फोनात ‘फ्री अप स्पेस’ दाबलं की काढण्यासारखं काहीच नाही असं उत्तर येतं. फोन भरलेला, आणि काढायला काही नाही! कारण बॅकअप झालेलाच नसतो. गूगल फोटो मूळ सेटिंगमध्ये फक्त वाय-फायवर फोटो चढवतं. ज्या घरात वाय-फाय नाही तिथे बॅकअप ‘चालू’ दिसतो आणि वर्षानुवर्षं वाय-फायची वाट बघत बसतो. बॅकअपच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटाची ओळ आहे. तिथे रोजची मर्यादा घालता येते, थोडी द्या आणि व्हिडिओंना मोबाइल डेटावर परवानगी देऊ नका. गणित करून बघा: अपलोडचा वेग १ एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट, म्हणजे एमबीचा आठवा हिस्सा) मिळाला, आणि वाडीत तो मिळाला तरी नशीब, तर १ जीबी चढायला सव्वादोन तास लागतात. पावसात लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरची बॅटरीही मान टाकते, मग रेंजच नाही. व्हॉट्सअॅपचा मोठा बॅकअप असा अर्ध्यावर लटकलेला दिसला तर अॅप उडवून पुन्हा टाकायच्या फंदात पडू नका. व्हिडिओ वगळून आकार कमी करा, फोन चार्जिंगला लावा, बॅटरी सेव्हर बंद करा आणि रात्री गर्दी ओसरल्यावर चालू करा. मोठं काम असेल तर कुडाळला किंवा मालवण बाजारात कोणाकडे वाय-फायवर तासभर बसणं स्वस्त पडतं.

एक साधी चाचणी: विमानाचं चिन्ह असलेला मोड चालू करा आणि गूगल फोटोतला जुना फोटो मोठा करून बघा. धूसरच राहिला तर तो बहुधा खात्यात आहे, फोनात नाही. स्वच्छ दिसला तर फोनात आहे, पण खात्यात आहे की नाही ते त्याच्या माहितीच्या पानावर बॅकअपची ओळ आहे का ते पाहून ठरवा.

दुसरं खातं उघडावं का

उघडता येतं, नियमबाह्य नाही. मात्र आमच्याकडे बहुतेकांची दोन-तीन खाती आधीच असतात आणि त्यांना माहीत नसतं. नवा फोन घेताना दुकानातला मुलगा घाईत नवं जीमेल उघडून देतो, पासवर्ड तोच ठरवतो आणि तोच विसरतो. त्यामुळे जुने फोटो एका खात्यात, व्हॉट्सअॅपचा बॅकअप दुसऱ्यात, आणि नव्या फोनवर व्हॉट्सअॅप ‘बॅकअप सापडला नाही’ म्हणतं, कारण तो फोन नंबर आणि खातं दोन्ही जुळले तरच सापडतो. शिवाय दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल २०२३ च्या डिसेंबरपासून काढून टाकायला लागलं आहे. दुसरं खातं उघडलंत तर त्याचा पत्ता आणि पासवर्ड कॅलेंडरच्या मागे नाही, पासबुकाबरोबर ठेवा, आणि दोन्ही खात्यांना पासवर्ड परत मिळवायचा नंबर चालू असलेलाच द्या. मुलाच्या जुन्या, बंद पडलेल्या नंबरावर ओटीपी जात राहिला तर कोणी काही करू शकत नाही.

हे करू नका

सेटिंग्जमध्ये अॅपच्या पानावर ‘क्लिअर कॅश’ आणि ‘क्लिअर डेटा’ शेजारी असतात. कॅश पुसली तर काही जात नाही. व्हॉट्सअॅपचा डेटा पुसलात तर चॅट गेलं, बॅकअप असेल तेवढंच परत येईल. ‘फोन फास्ट करा’, ‘रॅम बूस्ट’ असली फुकट क्लीनर अॅप मी तरी कोणाच्या फोनात दिसली की आधी काढायला लावतो: पाच एमबी साफ केल्याचं सांगतात आणि पन्नास एमबीच्या जाहिराती दाखवतात. गूगलचं ‘फाइल्स’ अॅप बऱ्याच अँड्रॉइड फोनांत आधीपासून असतं, तेच काम तिथे गोंगाट न करता होतं. आणि व्हॉट्सअॅपचा मीडिया एसडी कार्डवर हलवून देतो म्हणणाऱ्या व्हिडिओंच्या मागे लागू नका, व्हॉट्सअॅपमध्ये तशी सोय नाही. कॅमेऱ्याचे फोटो मात्र कार्डवर ठेवता येतात, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जागा बदला.

एवढं करूनही ३२ जीबीचा जुना फोन भरतच असेल तर दोष तुमचा नाही. सिस्टिम आणि रोजची अॅप मिळूनच अर्ध्याहून जास्त जागा खातात आणि प्रत्येक अपडेटला ती वाढते. तिथे नवा फोन हाच उपाय. घेताना १२८ जीबीच्या खाली जाऊ नका, आणि जुना फोन देऊन टाकायची घाई नको. ड्राइव्ह भरल्यामुळे व्हॉट्सअॅपचा बॅकअप होत नसेल तरी चॅट हलवता येतं: जुन्या फोनात सेटिंग्ज, चॅट्स, ‘ट्रान्सफर चॅट्स’, मग नव्या फोनवरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा. २०२३ पासून ही सोय आहे. दोन्ही फोन अँड्रॉइड हवेत (किंवा दोन्ही आयफोन), दोन्हीवर वाय-फाय आणि लोकेशन चालू हवं. चॅट एका फोनातून थेट दुसऱ्यात जातं, गूगलच्या जागेचा संबंध येत नाही. दोन्ही फोन चार्जिंगला लावून शेजारी ठेवा, काम संपेपर्यंत पडदा बंद होऊ देऊ नका आणि नव्या फोनात जुनी बोलणी दिसल्याशिवाय जुना फोन फॉरमॅट करू नका.